हांसळीखाली

आमच्या आंजर्ल्यात पेसमेकर बसवलेली माणसं आता न सांगताही ओळखू येतात. मोबाइल कायम उजव्या खिशात. वाटण करायचं झालं की मिक्सरचं बटण दाबायला सूनच लागते. उत्सवात लाउडस्पीकर लागले की ही मंडळी त्यापासून लांब, पार कठड्याच्या टोकाला जाऊन बसतात. कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढताना मध्ये कुठे दम घ्यायला थांबली, की उजवा हात आपसूक डाव्या हांसळीखाली जातो, तिथला उंचवटा जरा चाचपतो आणि खाली येतो. घरात इन्व्हर्टर आला, इंडक्शनची शेगडी आली, की पहिला प्रश्न ठरलेला : "ह्याचं मला काही होणार नाही ना?"

ही भीती मला कळते. पण मिक्सरने, टीव्हीने, दोन हात लांबच्या शेगडीने पेसमेकरचं काही वाकडं होत नाही. ज्या एका गोष्टीची खरोखर चौकशी करायला हवी, ती मात्र कुणाच्या मनात येत नाही. कर्करोग निघतो, ऑपरेशन होतं, रेडिएशन घ्यायला मुंबई गाठली जाते, आणि तिथे छातीतल्या यंत्राचा विषयच निघत नाही. मी त्याच खात्यात काम करते, म्हणून सांगते.

रेडिएशनला रुग्ण 'लाईट' म्हणतात, कुणी 'शेक' म्हणतात. तो शेक किती, कुठल्या बाजूने, किती वेळ, आणि शेजारच्या निरोगी भागावर त्यातला किती सांडणार, हा हिशेब मांडायचं माझं काम. हुद्दा मेडिकल फिजिसिस्ट. काय जाळायचं आणि काय राखायचं ते डॉक्टर ठरवतात. ते कसं जमेल ते आम्ही आकड्यांत बसवतो. गावाला माझी ओळख 'मुंबईत मशीनवर असते' एवढीच आहे, आणि ती पुरेशी आहे.

माझ्या काकूला पेसमेकर बसला तो निसर्ग वादळाच्या आदल्या वर्षी. ३ जून २०२० च्या त्या दुपारी आगरातल्या पोफळी एकामागून एक मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, पडवीवरची कौलं उडाली. केळशी, मुरुड, हर्णै, सगळीकडे तेच. मग कित्येक आठवडे वीज नव्हती. काकू त्या दिवसांचं बोलायला लागली की नासलेल्या बागेचं सांगते, पाण्यासाठी पंप नसल्यामुळे पुन्हा विहिरीवर रहाट बांधला त्याचं सांगते, आणि एकदा मला म्हणाली, "रात्री अंधारात पडलं की वाटायचं, अख्ख्या गावातलं सगळं बंद पडलंय, आणि माझ्या छातीतलं तेवढं चालू आहे." ते खरंच होतं. टायटॅनियमची ती चपटी डबी, वजन सगळं मिळून अर्धा छटाक असेल-नसेल एवढं, आतली लिथियमची बॅटरी आठ-दहा वर्षं कुणाकडे काही मागत नाही. शिरेतून एक वायर हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरते. हृदयाचा ठोका वेळेवर पडला तर यंत्र गप्प राहतं, चुकला तर तेवढ्यापुरता धक्का देतं. दिवसरात्र ऐकत राहणं हेच त्याचं मुख्य काम.

मग डाव्या स्तनात गाठ आली. पेसमेकरच्याच बाजूला.

ऑपरेशन एका इस्पितळात झालं, रेडिएशन दुसऱ्या ठिकाणी, आमच्याकडे, ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना पेसमेकर माहीत होता, त्यांनी त्याची काळजीही घेतली. पण तो कागद तिकडच्या फायलीत राहिला. डिस्चार्जच्या कागदावर त्याचा उल्लेख होता तो औषधांच्या नावांच्या गर्दीत, एका ओळीत, इंग्रजी आद्याक्षरांत. नव्या ठिकाणी केसपेपर भरला गेला : मधुमेह, रक्तदाब, दमा, अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशनं. छातीत यंत्र आहे का, असा रकानाच नव्हता. त्या संध्याकाळी मी फोनवर विचारलं, "काकू, हांसळीखालच्या मशीनचं सांगितलंस का त्यांना?"

"अगो, ते हृदयाचं. हे गाठीचं. ह्यांना त्याचं काय?"

काकूच्या या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होते. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही, कारण आपली रुग्णालयंही अशीच मांडलेली आहेत. हृदयाचा मजला वेगळा, कर्करोगाचा वेगळा. पुष्कळदा इमारतच वेगळी. परळला १९२६ सालचं केईएम आणि १९४१ सालचं टाटा हाकेच्या अंतरावर आहेत. त्या भागात सकाळी उभं राहिलं तर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणि एक्स-रेचा मोठा लिफाफा घेतलेली माणसं इकडून तिकडे जाताना दिसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली, पहाटे उठून नंबर लावायला आलेली, कुणी विदर्भातली, कुणी आमच्याकडची. एका डॉक्टरचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचतं ते बहुतेक वेळा यांच्या हातून. शेती बघणारा मुलगा, दहावीपर्यंत शिकलेली सून, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची टपालसेवा आहे. त्यांच्यावर एवढा भार टाकायचा, तर निदान पिशवीत काय जपून न्यायचं ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पेसमेकरच्या कार्डाचंच बघा. यंत्र बसवल्यावर कंपनी एक कार्ड देते. त्यावर मॉडेल, क्रमांक, वायरीचा प्रकार, बसवल्याची तारीख असते. ते कार्ड काकूकडे लोखंडी कपाटात होतं, सातबाऱ्याचे उतारे आणि गॅसचं पुस्तक ठेवलेल्या पिशवीत, नीट घडी घातलेल्या रुमालात. विमानतळावर लागतं असं कुणीतरी सांगितलेलं, आणि काकू काही विमानाने जाणार नव्हती. चुलतभावाने त्याचा फोटो काढून पाठवला तेव्हा यंत्र कुठलं ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

दोन उपचार एका छातीत भेटायचे, ही गोष्ट तशी नवी आहे. शरीराच्या आत पूर्ण बसणारा पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्नाच्या कारोलिन्स्का रुग्णालयात बसला. सर्जन ओके सेनिंग, यंत्र घडवणारे रूने एल्मक्विस्ट, आणि रुग्ण आर्ने लार्सन. लार्सन दिवसातून अनेक वेळा बेशुद्ध पडत. त्यांची पत्नी एल्स-मरी या दोघांच्या मागे लागली, की काहीही करा. एल्मक्विस्टनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात इपॉक्सी ओतली आणि सर्किट त्यात बंद केलं. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण माणूस हटला नाही. एकामागून एक यंत्रं बदलत, वीसहून अधिक, लार्सन पुढे त्रेचाळीस वर्षं जगले. आणि २००१ साली शहाऐंशीव्या वर्षी गेले ते हृदयाने नव्हे, त्वचेच्या कर्करोगाने. धक्का देऊन हृदय ताळ्यावर आणणारं दुसऱ्या जातीचं यंत्र, ज्याला आयसीडी म्हणतात, ते मिशेल मिरोव्स्की यांच्या ध्यासातून आलं. १९८० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं. मिरोव्स्की १९९० मध्ये गेले. त्यांनाही मल्टिपल मायलोमा होता, म्हणजे रक्ताच्या जातीचा कर्करोग.

हे दोन मृत्यू मी मनात शेजारी शेजारी ठेवते. हृदयाच्या यंत्राने माणसाला वर्षं मिळतात, आणि वर्षं मिळाली की त्या वर्षांत येणारे आजारही येतात. पूर्वी आमच्या गावात म्हातारं माणूस चक्कर येऊन पडायचं आणि संपायचं. गाठ होण्याइतकं ते टिकतच नसे. आता टिकतं. पेसमेकरवाल्या माणसाला कर्करोग होणं हा दुर्मीळ योग राहिलेला नाही, ते वैद्यकाच्या यशाचंच पुढचं पान आहे, आणि ते पान वाचायची तयारी आपण ठेवायला हवी.

जाता जाता एक गंमत वाटावी अशी खरी गोष्ट. १९७० साली पॅरिसमध्ये एका रुग्णाला प्लुटोनियम-२३८ वर चालणारा पेसमेकर बसवला होता. त्याचं अर्धायुष्य सत्त्याऐंशी वर्षांच्या वर, तेव्हा बॅटरी बदलायची चिंता नाही असा विचार. किरणोत्सारी पदार्थ छातीत घेऊन माणसं वर्षानुवर्षं सुखाने वावरली. लिथियमची बॅटरी आली आणि ते प्रकरण मागे पडलं. त्याच सुमाराला, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आतली सर्किटंही बदलली. नव्या चिप फार कमी वीज खाणाऱ्या होत्या, म्हणून यंत्र लहान झालं, हुशार झालं, जास्त टिकू लागलं. पण जुनी सर्किटं किरणांचा जेवढा मारा सोसत, तेवढा या नव्या सोसत नाहीत.

काय बिघडतं, हे मला काकूला समजेल असं सांगायचं होतं. दोन प्रकारे बिघडतं. चिपमध्ये अतिशय पातळ असा एक इन्सुलेशनचा थर असतो. त्यावर किरण पडत राहिले की विजेचा भार थोडा थोडा अडकून साठतो. एका दिवसात काही होत नाही, सगळ्या बैठकांची बेरीज होते. म्हणून एकूण किती डोस यंत्राला मिळाला ते मोजायचं. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने १९९४ साली मर्यादा घातली २ ग्रेची. ग्रे हे किरणांचं माप. २०१७ साली हृदयाच्या लयीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जी सूत्रं ठरवली, त्यांत ५ ग्रेच्या वर गेल्यासच यंत्र हलवायचा विचार करा असं म्हटलं. दोन आणि पाच यांच्या मध्ये सावध राहायचं, हे आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. स्तनाला आपण देतो ४० ग्रे, पंधरा बैठकांत. किरणांच्या झोतात यंत्र सरळ सापडलं तर काय होईल ते या आकड्यांवरून दिसतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. आमच्या मशीनमधून निघणाऱ्या किरणांची ताकद मेगाव्होल्टमध्ये मोजतात. सहाचा किरण असतो, दहाचा, पंधराचा. दहाच्या वर गेलं की मशीनच्या डोक्यातल्या जड धातूंवर किरण आदळून न्यूट्रॉन सुटू लागतात. ते झोतात राहत नाहीत, खोलीभर पसरतात. शिशाचा पत्रा छातीवर ठेवून त्यांना अडवता येत नाही. असा एखादा न्यूट्रॉन चिपमधल्या बोरॉनच्या अणूने गिळला, की त्याच जागी एक छोटा स्फोट होतो आणि स्मृतीतला शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. यंत्राला कळतं की आपली आठवण बिघडली. मग ते रुग्णासाठी बसवलेलं सगळं विसरून कंपनीने ठरवून दिलेल्या सुरक्षित गतीवर जातं. माणूस मरत नाही. पण जिना चढताना धाप लागते, उगाच गळून गेल्यासारखं होतं, आणि घरचे म्हणतात, लाईटचा थकवा असेल. आयसीडीची गोष्ट आणखी नाजूक. त्याने खोटी खूण खरी धरली तर नको तेव्हा धक्का बसू शकतो, म्हणून शेक चालू असेपर्यंत त्याचं धक्का देणं तात्पुरतं बंद ठेवायचं, माणसावर मॉनिटर लावून लक्ष ठेवायचं, आणि संपल्यावर आठवणीने पुन्हा चालू करायचं असतं. त्या 'आठवणीने' या शब्दावर कुणाचं तरी आयुष्य उभं असतं.

यातून एक गोष्ट निघते जी रुग्णांना नाही, कधी कधी डॉक्टरांनाही चटकन पटत नाही. उपचार प्रोस्टेटवर चालू आहे, ओटीपोटात. छाती हातभर लांब. तरी पंधराचा किरण वापरला तर पेसमेकरला धोका आहे. आणि काकूसारखं यंत्राला अगदी खेटून उपचार करायचा आहे, पण सहाच्या किरणाने, नीट आखून, तर धोका फार थोडा. लांब म्हणजे सुरक्षित, हे इथे चालत नाही.

म्हणूनच जुन्या कोबाल्टच्या मशीनबद्दल मला आदर वाटतो. नव्या यंत्रांपुढे ते ओबडधोबड, झोताची कड विसविशीत, दर सव्वापाच वर्षांनी स्रोत निम्मा. पण त्याच्या किरणांत न्यूट्रॉन नाहीत. बीएआरसीने आपल्याकडेच घडवलेलं भाभाट्रॉन अशाच जातीचं. पहिलं खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये बसलं आणि तिथून ते लहान गावांकडे गेलं, परदेशांतही गेलं. वीज लहरी, इंजिनिअर लांब, अशा ठिकाणी टिकेल असं मशीन. पेसमेकरवाल्या माणसासाठी त्याचा हा जास्तीचा गुण कुणी ठरवून घातलेला नव्हता, पण आहे.

काकूच्या बाबतीत आधी पेसमेकरची तपासणी झाली. कंपनीचा माणूस लॅपटॉपएवढा प्रोग्रॅमर घेऊन आला, त्याचं वायरीचं गोल डोकं साडीवरूनच हांसळीखाली ठेवलं आणि पडद्यावर काकूचे ठोके उमटले. बॅटरी किती, वायर ठीक आहे का, ते बघून झाल्यावर हृदयविकाराच्या डॉक्टरांनी यंत्राची गती हळूहळू खाली आणायला सांगितली. साठ, पन्नास, चाळीस. यंत्र मागे सरलं तर हृदय स्वतः किती चालतं, हे त्यातून कळतं. ज्याचं हृदय पूर्णपणे यंत्रावर आहे, त्याच्या बाबतीत हयगय परवडत नाही. काकू डोळे मिटून होती. "जरा खोल गेल्यागत वाटतंय," म्हणाली, आणि गती लगेच वर आली. पण तिचं स्वतःचं हृदय, अडखळत का होईना, हजर होतं. माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

मग स्कॅन. स्कॅनवर पेसमेकर म्हणजे एक पांढराफटक तुकडा आणि त्याच्याभोवती धातूमुळे उमटलेल्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा पिसारा. त्या रेघांतून त्याची खरी कड शोधत, एकेका चकतीवर माउसने मी ती आखत गेले. इतरांच्या स्कॅनवर मी हे केलेलं आहे. पण इथे खाली दिसणाऱ्या फासळ्या ज्या काकूच्या, तिच्या मांडीवर मी मुंज्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि तो विचार बाजूला सारून कड बरोबर आखायची होती. झोताची वरची सीमा आणि यंत्र यांच्यात दोन बोटांचं अंतर निघालं. काखेतल्या गाठी स्वच्छ होत्या म्हणून हांसळीवर शेक द्यायचा नव्हता, हे आमचं भाग्य. तो द्यावा लागला असता तर यंत्र झोताखालीच आलं असतं.

त्या वेळी यंत्र उजव्या बाजूला हलवायचा विषय निघाला. काकूच्या मुलाला तेच बरं वाटत होतं, एकदाचा धोकाच नको. कड्यावरच्या गणपतीची गोष्ट आंजर्ल्यात सगळ्यांना पाठ आहे : देऊळ आधी समुद्राकाठी होतं, समुद्र आत येऊ लागला तसा देव पाऊल टाकून वर कड्यावर गेला, ते पाऊल अजून दाखवतात. भाऊ म्हणाला, देवानेसुद्धा जागा बदलली. मी म्हटलं, देवाकडे समुद्र खरंच येत होता. आपण आधी मोजू, समुद्र इथपर्यंत येतोय का. यंत्र हलवायचं म्हणजे पुन्हा चिरा, पुन्हा वायर, सत्तरीच्या वर गेलेल्या बाईला पुन्हा जंतुसंसर्गाचा धोका, आणि त्यात रेडिएशन लांबणार. नको तिथे केलेली सावधगिरीही माणसाला महाग पडते.

म्हणून मोजलं. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर झोताच्या बाहेरचा डोस खरा असतो त्याहून कमी दाखवतं, हे आमच्या कामातलं जुनं सत्य आहे. पडद्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवून चालत नाही. पहिल्या बैठकीला काकूच्या हांसळीखाली, पेसमेकरच्या उंचवट्यावर, मी टीएलडीच्या चकत्या प्लास्टिकच्या इवल्या पाकिटात घालून चिकटवल्या. किरणांच्या खात्यात काम करणारे आम्ही सगळे छातीवर जो बॅज लावतो, त्याचंही तत्त्व हेच : किरणांची ऊर्जा आत धरून ठेवणारे कण, नंतर तापवले की जेवढी ऊर्जा तेवढा उजेड देतात. आमच्या बॅजमध्ये बीएआरसीने विकसित केलेल्या कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोशियमच्या चकत्या असतात, आणि दर तीन महिन्यांनी आपण किती किरण घेतले ते त्या सांगतात. काकूने विचारलं, "हे काय, अंगारा?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, चिकटपट्टी नीट दाबून बसवली.

खोलीत तिच्याखेरीज कुणी नव्हतं. जाड दार लागलं, आम्ही बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यापुढे. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा टिक् टिक् आवाज आत-बाहेर ऐकू येईल अशी सोय केलेली, बाहेर डिफिब्रिलेटरची ट्रॉली आणि हृदयविभागाचा एक निवासी डॉक्टर. "श्वास भरून घ्या... धरा." छाती फुगली की हृदय थोडं मागे सरतं, डाव्या स्तनाच्या शेकातून तेवढं वाचतं. खाडीत पोहायला शिकलेली काकू श्वास छान धरते. टिक् टिक् एका लयीत चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी चकत्या वाचल्या. सगळ्या बैठकांचा मिळून हिशेब एक ग्रेच्या जरासा वर. दोनच्या पुष्कळ आत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उलट्या बाजूची. आमच्याकडे एक समज पसरला आहे, की पेसमेकर असेल तर लाईट देताच येत नाही. एक बाई याच समजापायी गाठ अंगावर काढत बसली होती; कुणीतरी तिला सांगितलं होतं, मशीन फुटेल. असं काही नसतं. पेसमेकर असलेल्या माणसाला रेडिएशन देता येतं, देतात, आणि नीट आखलं तर ते सुरक्षित असतं. उपचार नाकारण्यासाठी पेसमेकर हे कारण नाही. विचारून घेण्यासाठी मात्र आहे. माझं यंत्र कुठलं, ते झोतापासून किती लांब, किरण सहाचा की त्याच्या वरचा, माझं हृदय यंत्रावर किती अवलंबून, आणि पेसमेकर तपासणार कधी : एवढं विचारायला इंग्रजी यावं लागत नाही, आणि मराठीत विचारल्यावर सरळ उत्तर मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

शेवटचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत अवघड. उपचार संपल्यावर, आणि पुढेही काही महिने, यंत्र तपासून घ्यायचं असतं, कारण काही बिघाड उशिरा दिसतात. तपासणी पाच-दहा मिनिटांची. त्यासाठी आंजर्ल्याच्या माणसाने दापोलीला यायचं, रातराणी पकडायची, घाटाच्या वळणांत रात्र काढायची आणि पहाटे मुंबईत उतरायचं. काकूने ते केलं, कारण तिला मुंबईत घर आहे, आम्ही आहोत. ज्यांना नाही ते दुसऱ्या खेपेला येत नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाटाच्या लोकांनी आपल्या जिल्ह्यात गावोगाव नेली. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारखी जागा त्या कामाला लाभली. प्रोग्रॅमर तर हातात उचलून नेण्याजोगं यंत्र आहे. महिन्यातून एक ठरलेला दिवस तो दापोलीत आला, तर मंडणगडपासून गुहागरपर्यंतच्या किती म्हाताऱ्यांची ही रात्र वाचेल. हे मी भेटेल त्या डॉक्टरला सांगते, कंपनीच्या माणसालाही सांगते. अजून झालेलं नाही.

काकूमुळे गावात एक झालं. तिने आपलं कार्ड रुमालातून काढून फोनच्या कव्हरमध्ये घातलं आणि देवळात, बचत गटात, बाजारात ज्याला त्याला दाखवू लागली. त्यातून केळशीच्या एका निवृत्त मास्तरांचा मला फोन आला. पेसमेकर आहे, प्रोस्टेटचा कर्करोग निघालाय, लाईट पुढच्या सोमवारपासून, दुसऱ्या एका शहरात. छातीचं त्यांनी सांगितलं होतं का? "कमरेखालचा आजार, मी म्हटलं छातीचं कशाला." मी त्यांच्याकडून कागदाचा फोटो मागवला आणि तिथल्या फिजिसिस्टला फोन लावला. ओळख नव्हती. माझं नाव, काम सांगितलं, आणि किरण कितीचा ते विचारलं.

"पंधराचा. चार बाजूंनी."

"पेशंटला पेसमेकर आहे."

पलीकडे कागद उलटण्याचा आवाज आला. "आमच्या फायलीत नाहीये."

"कार्डाचा फोटो पाठवते."

"पाठवा. सोमवार रद्द करतो. प्लॅन सहावर नव्याने करायला दोन-तीन दिवस लागतील, आणि त्याआधी कार्डिऑलॉजीकडून चेक करून घेतो. त्यांना सांगाल का तुम्ही?"

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, तेवढ्यात सुपाऱ्या उतरवून होतील.